दोन थेंबांबद्दल पूर्ण खरं सांगा

मागच्या पोलिओ रविवारी आमच्या सोसायटीच्या गेटपाशी बूथ लागला होता. कॉलेजात असताना एनएसएसमधून मी अशा बूथवर बसायचे, त्यामुळे अजूनही सवयीने तास-दोन तास तिथे थांबते, पोरांना धरायला, डाव्या करंगळीला मार्कर लावायला मदत करते. त्या दिवशी एक आई आली, सात-आठ महिन्यांचं बाळ कडेवर, आणि तिने सिस्टरपुढे मोबाईल धरला. म्हणाली, "ताई, इथे लिहिलंय की गाझामध्ये लसीतल्याच विषाणूमुळे बाळाला पोलिओ झाला, हे खरं आहे का?" सिस्टर सकाळपासून उभ्या होत्या, रांग मोठी होती, त्या म्हणाल्या, "अहो तसलं काही नसतं, व्हॉट्सअ‍ॅपवरचं वाचत बसू नका, चला तोंड उघडा बाळाचं." त्या आईने मोबाईल पर्समध्ये टाकला आणि बाळाला घेऊन लिफ्टकडे निघून गेली. थेंब न पाजताच.

मला त्या सिस्टरला अजिबात दोष द्यायचा नाहीये. संध्याकाळी सामान आवरताना मी त्यांना विचारलं तर म्हणाल्या, आम्हाला ट्रेनिंगमध्ये सगळं शिकवतात, डब्यात आइस पॅक कसे लावायचे, किती थेंब, बाटलीच्या लेबलवरचा गोल आणि त्यातला चौकोन कसा बघायचा (चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस वापरायची, दोघांचा रंग सारखा झाला की ती बाटली गरमीने गेली, बाजूला काढायची), पण असा प्रश्न आला तर काय बोलायचं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आणि माझं म्हणणं नेमकं इथूनच सुरू होतं, कारण त्या आईच्या मोबाईलवरची बातमी खरी होती. खऱ्या बातमीला आपण "तसलं काही नसतं" म्हटलं की त्यानंतर आपण जे काही सांगू, अगदी शंभर टक्के बरोबर सांगितलं तरी, ते ती आई कशाला ऐकेल?

तर आधी खरं काय ते नीट सांगते.

तोंडाने देतात ती लस म्हणजे जिवंत पण कमजोर केलेला पोलिओचा विषाणू. तो बाळाच्या आतड्यात जातो, तिथे थोडे दिवस वाढतो, आणि तेवढ्यात शरीर त्याला ओळखून तयारी करतं, रक्तातही आणि आतड्याच्या अस्तरातही. मग काही आठवडे तो शीमधून बाहेर पडत राहतो. जिथे उघडी गटारं आहेत, पाणी गढूळ आहे, तिथे तो शेजारच्या पोराच्या तोंडात जातो आणि बहुतेक वेळा त्या पोरालाही बसल्या जागी लस मिळाल्यासारखं होतं. या लसीचा हा मोठा फायदाच आहे आणि आपल्यासारख्या दाट वस्तीच्या देशात त्याचा उपयोग झालाच.

पण समजा शेजारच्या पोराने लस घेतलेली नाही, त्याच्या शेजारच्यानेही नाही, पुढच्या गल्लीतल्या पाच जणांनीही नाही, तर विषाणूला थांबवणारं कुणी उरतच नाही आणि तो एका पोरातून दुसऱ्यात असा महिनोन्‌महिने फिरत राहतो. प्रत्येक पोरात तो स्वतःच्या नकला काढतो आणि नकला काढताना चुका होतात. विषाणूच्या बाहेरच्या कवचाचा एक भाग आहे, त्याची जनुकीय लिपी साधारण ९०० अक्षरांची आहे, त्यात वर्षाला अंदाजे एक टक्का म्हणजे नऊ-दहा अक्षरं बदलतात. लॅबवाले तीच अक्षरं मोजतात. पोलिओच्या विषाणूचे १, २ आणि ३ असे तीन प्रकार आहेत. प्रकार २ च्या विषाणूत सहा अक्षरं बदललेली दिसली, किंवा प्रकार १ आणि ३ मध्ये एक टक्क्याहून जास्त फरक दिसला, की त्याला लसीतून उद्भवलेला, म्हणजेच लसजन्य पोलिओ विषाणू म्हणायचं. फिरता फिरता कमजोरपणा देणारे बदल पुसले गेले की तो मूळ पोलिओसारखाच मज्जातंतूंवर हल्ला करायला लागतो.

म्हणजे बघा, साथ घेऊन येणारा हा विषाणू एका बाळाला पाजलेल्या थेंबातून त्याच बाळाच्या पायात उतरलेला नसतो, तो कित्येक लस न घेतलेल्या पोरांमधून, साधारण वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ फिरून आलेला असतो. अक्षरं मोजली की किती दिवस फिरला तेही कळतं, आणि तेवढे दिवस त्या गावात, त्या वस्तीत लसीकरण झालेलं नव्हतं हे त्यातच लिहिलेलं असतं.

आता इथेच थांबले तर मीही अर्धवटच सांगितल्यासारखं होईल. थेंबांमुळे थेट ज्याला पाजले त्याच बाळाला पक्षाघात होण्याचाही एक प्रकार आहे, अतिशय दुर्मिळ, पहिला डोस घेणाऱ्या सुमारे २७ लाख बाळांमागे एक. ज्या घरात ते एक बाळ असतं त्या घराला २७ लाखांच्या आकड्याने काहीही दिलासा मिळत नाही, हे मला मान्य आहे. पण दुसऱ्या बाजूला काय होतं तेही आठवा. १९८८ मध्ये जगात दरवर्षी अंदाजे साडेतीन लाख मुलं पोलिओने लुळी होत होती. २००९ साली जगभरातल्या १६०४ केसेसपैकी ७४१ एकट्या आपल्या देशात होत्या आणि जगातले मोठमोठे तज्ज्ञ म्हणत होते की पोलिओ सगळ्यात शेवटी भारतातून जाईल. तिथून अवघ्या दोन वर्षांत, १३ जानेवारी २०११ ला हावड्याच्या एका दोन वर्षांच्या मुलीची शेवटची केस, आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट. हे याच थेंबांनी झालंय, याच निळ्या डब्यांनी, दारोदार फिरणाऱ्या याच बायांनी.

गाझाचं काय झालं ते त्या आईला सांगायला हवं होतं. तिथे युद्धाच्या आधी, २०२२ मध्ये पोलिओचं लसीकरण ९९ टक्के होतं, म्हणजे आपल्या कितीतरी जिल्ह्यांपेक्षा चांगलं. मग युद्ध आलं, दवाखाने बंद पडले, सांडपाणी तंबूंच्या मधून वाहायला लागलं, माणसं एका जागेवरून दुसऱ्या जागी हाकलली गेली, लसीकरण ९० च्या खाली आलं. जून २०२४ मध्ये खान युनिस आणि देर अल-बलाहच्या सांडपाण्यात प्रकार २ चा लसजन्य विषाणू सापडला, इजिप्तमध्ये आधी फिरत असलेल्या विषाणूशी त्याचं नातं जुळलं, आणि ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाचा पाय लुळा पडल्याचं नक्की झालं, गाझात २५ वर्षांनंतर पहिल्यांदा. त्या बाळाला लस मिळालेलीच नव्हती! युद्ध सुरू व्हायच्या जरा आधी जन्मलेलं बाळ, त्याची लस घ्यायची वेळ आली तेव्हा लस द्यायला कुणी नव्हतं. बातमीच्या हेडलाइनमध्ये "लसीतला विषाणू" येतं, "लस न मिळालेलं बाळ" येत नाही, आणि आपल्या फोनवर पोचेपर्यंत फक्त पहिला भाग उरतो.

मग तिथे काय केलं? थेंबच पाजले. सप्टेंबर २०२४ मध्ये ठरावीक तास बॉम्बवर्षाव थांबवून दहा वर्षांखालच्या साडेपाच लाखांहून जास्त मुलांना तोंडाची लस दिली, पुन्हा दुसरी फेरी, मग फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी एक. आईबाप ढिगाऱ्यांमधून वाट काढत पोरांना घेऊन आले. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं त्यांनी लसजन्य विषाणूची बातमी ऐकून लसीच्या रांगेत उभं राहायचं ठरवलं, हे मला फार मोठं वाटतं.

कुणी म्हणेल की तिथे युद्ध होतं, आपलं तसं नाही. ठीक आहे, न्यूयॉर्क घ्या. जुलै २०२२, रॉकलँड काउंटी, वीस वर्षांचा एक तरुण पायाने अधू झाला. अमेरिकेत २००० सालापासून थेंब देतच नाहीत, फक्त इंजेक्शन देतात, म्हणजे तो विषाणू बाहेरच्या कुठल्या तरी देशातून आलेला. त्या तरुणाने एकही लस घेतलेली नव्हती, आणि त्या काउंटीत दोन वर्षांच्या मुलांचं लसीकरण साधारण ६० टक्क्यांवर आलं होतं, काही भागांत तर चाळीसच्याही खाली. त्याच वर्षी लंडनच्या सांडपाण्यातही नात्यातलाच विषाणू सापडला. पैसा, स्वच्छ नळ, मोठी हॉस्पिटलं सगळं असलेल्या गावातही लस न घेतलेली माणसं एका जागी पुरेशी जमली की विषाणूला रस्ता मिळतो.

आणि तो एक तरुण किंवा ते एक बाळ म्हणजे फक्त वर दिसणारी गोष्ट. पोलिओ झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, थोडा ताप, थोडी जुलाब-उलटी, संपलं. मूळच्या प्रकार १ मध्ये साधारण २०० जणांमागे एकाला पक्षाघात होतो, प्रकार २ मध्ये तर दोन हजारांमागे एकाला. म्हणजे एक पाय लुळा पडलेला कळेपर्यंत विषाणू शेकडो-हजारो घरांतून जाऊन आलेला असतो. म्हणून सांडपाणी तपासायचं. आपल्याकडे हे काम २००१ मध्ये मुंबईतूनच सुरू झालं, परळच्या हाफकिनच्या आवारातल्या लॅबमध्ये गटारातल्या पाण्याचे नमुने येतात आणि त्यात विषाणू आहे का हे शोधलं जातं. मला वाटतं मुंबईत राहणाऱ्या शंभरातल्या नव्वद लोकांना हे माहीतसुद्धा नसेल, आणि ते माहीत असायला हवं, कारण आपल्यावर कुणी तरी लक्ष ठेवून आहे हे कळलं की भरवसा वाढतो.

आता एक प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे, की मग थेंब बंदच करा ना, सगळ्यांना इंजेक्शन द्या, त्यात तर मेलेला विषाणू असतो. बरोबर, इंजेक्शनमधून हा धोका शून्य. पण इंजेक्शन रक्तात ताकद देतं, आतड्यात फारशी नाही. म्हणजे इंजेक्शन घेतलेलं मूल स्वतः लुळं होणार नाही पण विषाणू त्याच्या आतड्यात वाढून बाहेर पडू शकतो, न कळता. साथ तोडायला आतड्यातच त्याला अडवावं लागतं आणि ते काम थेंब करतात. म्हणून आपल्या वेळापत्रकात दोन्ही आहेत, जन्मताच थेंब, मग सहा, दहा, चौदा आठवड्यांना थेंब, सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान बूस्टर, आणि सोबत सहा आठवडे, चौदा आठवडे आणि २०२३ पासून नऊ महिन्यांना असे तीन वेळा दंडावर कातडीत अगदी थोडं इंजेक्शन. ज्या आईला वाटतं की खासगीत इंजेक्शन घेतलं म्हणजे रविवारचे थेंब नकोत, तिला हा फरक कुणीतरी समजावून सांगायला पाहिजे.

थेंब कायमचे राहावेत असं माझंही मत नाही, पण ते कधी आणि कशा क्रमाने बंद करायचे यात जगाची एकदा मोठी चूक झाली आहे आणि ती लपवण्यात काही अर्थ नाही. प्रकार २ चा मूळ विषाणू १९९९ नंतर कुठेच दिसला नव्हता (शेवटची केस आपल्याच अलीगढची), आणि लसजन्य साथी बहुतेक प्रकार २ च्याच होत्या, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये १५५ देशांनी एकाच पंधरवड्यात थेंबांतून प्रकार २ काढून टाकला. कागदावर विचार बरोबर होता. पण काही देशांत प्रकार २ चा लसजन्य विषाणू आधीपासून फिरत होता, बंद करायच्या आधी तिथे जेवढ्या मुलांना लस द्यायला हवी होती तेवढ्यांना दिली गेली नाही, आणि इंजेक्शनच्या लसीचा तर जगभर तुटवडा होता, त्यामुळेच तर आपल्याकडे पूर्ण डोसाचा पाचवा हिस्सा द्यायची पद्धत आली. २०१६ नंतर जन्मलेल्या मुलांच्या आतड्यात प्रकार २ शी लढायची तयारीच नव्हती. साथ लागली की पुन्हा जुनीच प्रकार २ ची लस द्यायची आणि जिथे ती अर्धवट पोचली तिथे त्यातून नवीन साथ. एकट्या २०२० मध्ये हजारावर मुलं लुळी झाली, बहुतेक आफ्रिकेत, पाकिस्तान-अफगाणिस्तानातही. नंतर स्वतंत्र आढाव्यातही हा बदल फसला असंच मांडलं गेलं.

मग २०२१ पासून प्रकार २ ची नवी तोंडाची लस आली, तिच्या जनुकांत असे बदल केलेत की ती मूळ रूपाकडे सहज वळत नाही. गाझात दिली ती हीच. पण "सहज वळत नाही" म्हणजे "कधीच वळत नाही" असं नाही, या नव्या लसीतूनही काही ठिकाणी साथ उद्भवली, आणि ती पुन्हा तिथेच, जिथे बरीच मुलं सुटली होती. लस कितीही सुधारली तरी शेवटी सुटलेल्या मुलांपाशीच येऊन थांबतो आपण.

मला ओळखीतले एक डॉक्टरकाका म्हणाले, "अगं हे सगळं लोकांना सांगितलंस तर घाबरून उरलेलेही यायचे बंद होतील." मी त्यांचा खूप आदर करते, पण इथे मला ते पटत नाही. लोकांना घाबरवायला वेगळ्याच गोष्टी पुरतात. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात बारा चिमुरड्यांना थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर पाजला गेला, मुलं वाचली, पण ती बातमी कुठे कुठे पोचली असेल विचार करा. २०१८ मध्ये गाझियाबादच्या एका कंपनीच्या थेंबांत, जो प्रकार २ असायलाच नको होता, तो सापडला, आणि त्या बाटल्या उत्तर प्रदेश, तेलंगण आणि आपल्या महाराष्ट्रात आलेल्या होत्या. ते उघडकीला आलं कारण उत्तर प्रदेशात मुलांच्या शीचे नमुने नेहमीप्रमाणे तपासले जात होते. या दोन्ही वेळी माणसांना पहिली माहिती टीव्ही आणि फॉरवर्डमधून मिळाली, आणि गावात विश्वास असलेली आशाताई मात्र गप्प, कारण तिलाही कुणी काही सांगितलेलं नाही. ही जी गप्प राहायची सवय आहे ना, त्यामुळे अफवांचं फावतं. ऑगस्ट २०२४ मध्ये मेघालयच्या गारो हिल्समध्ये एका मुलाला लसजन्य पोलिओ असल्याची बातमी आली तेव्हाही आमच्या ग्रुपवर "सरकार लपवतंय" असंच सुरू झालं होतं.

आणि ज्यांच्यापर्यंत आपण पोचत नाही ती मुलं कोणती, तर बहुतेक वेळा त्यांचे आईबाप नकार देणारे नसतातच. एनएसएसमध्ये असताना तिसऱ्या दिवशी घरोघरी जायचं काम असायचं, दारावर खडूने पी किंवा एक्स लिहायचं, सगळी मुलं झाली तर पी, एखादं राहिलं तर एक्स. एकदा आम्ही गावाबाहेरच्या वीटभट्टीवर गेलो, तिथे दारंच नव्हती, विटांवर पत्रे टाकलेल्या खोपी, खडू लावायचा कुठे हाच प्रश्न. एक बाई चिखल कालवता कालवता म्हणाली की या पोराला गावाकडे दिवाळीच्या आधी काय दिलं असेल तेवढंच, कार्ड पेटीत गावी राहिलं. त्या भट्टीवर आम्हाला नऊ मुलं मिळाली आणि आमच्या यादीत त्यातलं एकही नव्हतं. ऊसतोडीचे अड्डे, बांधकामाच्या साइट, पुलाखालची पालं, सगळीकडे हेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (एनएफएचएस-५) महाराष्ट्रात पूर्ण लसीकरण झालेली मुलं साधारण तीन चतुर्थांशच होती, आणि उरलेला हिस्सा राज्यभर सारखा पसरलेला नाही, तो अशाच जागी एकत्र जमलेला आहे. विषाणूला नेमकं तेच हवं असतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ट्रेनिंगमध्ये अर्धा तास या एका प्रश्नासाठी ठेवा. सिस्टरला, आशाताईंना, अंगणवाडीच्या ताईंना मराठीत, सोप्या भाषेत सांगा की हो, लसीतला विषाणू बदलू शकतो, तो असा बदलतो, आणि आजूबाजूच्या सगळ्या मुलांनी लस घेतली की त्याला बदलायला वेळच मिळत नाही. एवढ्या तीन वाक्यांसाठी मोठी डिग्री लागत नाही, त्या रोज याहून अवघड गोष्टी समजावतात.

त्या आईकडे मी मंगळवारी गेले, आशाताईंना सोबत घेऊन. वर जे लिहिलंय तेच सगळं सांगितलं, २७ लाखांचा आकडासुद्धा. ती इंजिनिअर आहे, मधेमधे थांबवून विचारत होती. सगळं ऐकल्यावर म्हणाली, "म्हणजे माझ्या बाळाला थेंब दिले तर तो विषाणू याच्या शीतून बाहेर जाणार, आणि खाली ज्या मुलाला लस नाही त्याला तो लागू शकतो?" मी म्हटलं, हो, लागू शकतो, एकाला लागला तर बहुतेक त्याचं भलंच होईल, पण अशी बरीच मुलं एका जागी असली तर गडबड. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने विचारलं, "आपल्या नव्या वॉचमनच्या मुलीला पाजलेत का?"

आशाताईंनी वही काढली. वॉचमन पंधरा दिवसांपूर्वी आलेले, वहीत नाव नव्हतं. आम्ही चौघे, म्हणजे आम्ही तिघी आणि कडेवरचं बाळ, लिफ्टने खाली आलो, मीटर रूमच्या बाजूच्या खोलीत ती पोरगी बाहुलीसारखी बसून कुरमुरे खात होती, तीनेक वर्षांची असेल. आशाताईंनी तिचा डावा हात हातात घेऊन करंगळी उलटसुलट करून पाहिली, नखावर काहीच नव्हतं, मग त्यांनी डबा जमिनीवर ठेवला आणि झाकण उघडलं.